शनिवारचं चॉकलेट

टोरबोर्गबाई मोठ्या हट्टाच्या. स्वीडनमधल्या सगळ्या पोरांसारखा त्यांनाही लहानपणी गोड खाऊ मिळायचा तो फक्त शनिवारी. बाकीची पोरं मोठी झाली नि या नियमातून सुटली. बाईंनी मात्र सत्तरीतही शनिवार सोडला नाही. एरवी राय नावाच्या धान्याचा पाव आणि हेरिंग मासा. जिना चढताना धाप नाही, कुणावर चिडचिड नाही.

सून डीसाचं तोंड मात्र चॉकलेटच्या डब्यावर दिवसभर चालू, आणि संध्याकाळी घरादारावर खेकसणं. बुधवारी ती वैतागून म्हणाली, “आई, एक चॉकलेट खाल्लंत तर आभाळ कोसळेल का?”

“नाही गं. पण मग शनिवारची वाट कशाला बघू?”

शनिवारी बाईंनी एकच चॉकलेट तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ नुसत्या हसत राहिल्या. डीसाने आपला रिकामा डबा पाहिला. त्यातल्या एकाचीही चव तिला आठवेना.