पायावरची शू

उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकीला घेऊन राजुऱ्याला माहेरी आले ती एकच काम डोक्यात घेऊन. शाळा सुरू व्हायच्या आत हिनं शू सांगायला शिकायचं. मी पोंभुर्ण्याला शिक्षिका, नवरा माजरीच्या खाणीत पाळीवर. पोरीला दिवसभर सांभाळायला शेजारची बाई तयार होती, पण तिची अट पक्की. "सारं करीन, मॅडम, पन पोरीनं सांगाले पाहिजे. दिवसभर चड्ड्या धुनं माह्यानं होत नाई." नाही जमलं तर लेक आईजवळ राजुऱ्याला राहणार आणि मी शनिवार-रविवारची आई होणार.

बाजारातून गुलाबी प्लास्टिकचं भांडं आणलं. तिला ते फारच आवडलं. डोक्यावर घालून घरभर मिरवलं, त्यात कांदे भरले, कोंबडीलाही बसवून पाहिलं. स्वतः मात्र बसली नाही. मी धरून बसवलं की ताठ व्हायची, आणि सोडलं की तांदळाच्या कोठीमागे जाऊन गुपचूप काम उरकायची. मला धीर असा मुळातच नाही. मी चिडायची.

"काऊन तिच्या मागं लागून राह्यली?" आई म्हणायची. "लपाले जाते ना? म्हंजे तिले समजते. झोपून उठली का चड्डी कोरडी राह्यते. आता तिच्या मनानं येऊ दे."

"तुले सांगाले काय जाते? शाळा थांबते काय तिच्यासाठी?" मी फणकारायची.

एका सकाळी आम्ही नात्यातल्या लग्नाला निघालो होतो. निघण्याआधी आई भावाच्या तान्ह्याला घेऊन अंगणात बसली, पाय लांब केले, त्याला दोन्ही पावलांवर टेकवलं आणि 'शूऽऽ' असा आवाज काढला. आमच्याकडे तान्ह्या लेकरांना असंच बसवतात. रोजचंच ते, मी कधी लक्षही दिलं नव्हतं. कोठीकडे निघालेली माझी लेक मात्र मध्येच थांबली. चड्डी ओढत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "पाय दे."

मी नव्या साडीनिशी तशीच खाली बसले. पावलांवर ती ऐसपैस टेकली. चांगली जड झाली होती, घोटे दुखायला लागले. आणि मग पाय गरम झाले. जोडवी, पैंजण, निऱ्या, सगळं ओलं. मी इतकी हसत सुटले की आईला म्हणावं लागलं, "हालू नको, लेकरू पडन."

त्यानंतर ती दर वेळी आधी येऊन पाय मागायची. भांडं कांद्यांनाच राहिलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी घाईत ही गंमत शेजारच्या बाईला सांगायची राहूनच गेली. संध्याकाळी येऊन पाहते तर ती ओसरीवर साडी वर खोचून बसलेली आणि पाय ओले. आता ही नाही म्हणणार, असंच वाटलं.

"सांगते तं बरोबर," ती म्हणाली. "पन पाय मांगते, हे नाई सांगतलं तुमी मले."

"मग, ठेवता ना हिला?"

"ठेवीन नाई तं काय. धुवाचे पायच तं हायेत."

मी तिथूनच आईला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. लेक आता माझ्याजवळच राहणार होती, आनंद पोटात मावत नव्हता.

"बरं झालं," आई म्हणाली. "मी इथच्या अंगणवाडीत तिच्यासाठी इचारून ठेवलं होतं. जाऊ दे. सुट्टी लागली का आणजो."