आधी देव हलवा

गुरवनाना खंडोबाला दटावत. "ऊठ रं! गाव बुडाया निघालंय आन् तू झोपतोस?" म्हणत पहाटे देवावर तांब्या ओतत. धरणाविरुद्ध आम्हा कार्यकर्त्यांच्या बाजूने उभा राहिलेला गावातला पहिला माणूस हाच.

मी भिंगारहून एस.टी.ने पत्रकं घेऊन जायचो. नानांना अक्षर येत नव्हतं. मी वाचून दाखवलं की म्हणत, "लई जड लिवलंस. येवढंच लिव: ईज त्यांची, पानी त्यांचं, मग आमचं काय?" तसंच छापलं. लोकांनी जपून ठेवलेलं माझं ते एकमेव पत्रक.

घरटी एकाला देवळात बोलावून बेलभंडारा उचलायला लावला तोही नानांनीच. शपथ साधी होती. जमिनीला जमीन, आणि तिचा कागद हाती पडेपर्यंत कुणी घर सोडायचं नाही. मी ख्रिस्ती, म्हणून मागे उभा होतो. नाना ओरडले, "लपतोस का? तुज्या येशूला सांग न्हाईतर ह्याला सांग, पन बोल!" सगळं देऊळ हसलं. मी भंडारा उचलला.

उन्हाळ्यात धरणाचे साहेब आले. जीप थेट देवळाशी थांबली, घरांकडे कुणी पाहिलंही नाही. नव्या गावठाणात दगडी देऊळ बांधून देतो, म्हणाले; फक्त आधी देव हलवा. जमिनीचे कागद मागाहून. नानांनी मला कळवलं नाही. मी पोचलो तेव्हा गाभारा रिकामा होता आणि लोक चौकटी उखडून गाड्यांत भरत होते. एका बाईला मी शपथेची आठवण करून दिली. ती म्हणाली, "ज्याची शप्पत घेतली त्योच म्होरं गेला. आमी कुनासाठी बसावं?"

नानांना मी नव्या गावठाणाच्या माळावर गाठलं. "गाव विकलंत तुम्ही!"

ते भांडले नाहीत. "साहेबानं देवाच्या पायावर हात ठिवून सांगितलं रं. आन् ह्याला येकट्याला बुडताना मला बगवलं नसतं."

माणसं बुडालेली बघवतात का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

कागद आले नाहीत. दगडी देऊळही नाही, देवावर छपराला चार पत्रे आले. दुष्काळात तेच गाव त्या माळावर खडी फोडत होतं आणि डोक्यावरून धरणाच्या विजेच्या तारा गेल्या होत्या. मी शेवटचा गेलो तेव्हा नाना लांबून आणलेलं तांब्याभर पाणी देवावर घालत होते. मुकाट्याने.

"आज दटावलं नाही, नाना?"

"कंच्या तोंडानं?"

मी निघालो. नेहमीसारखा भंडारा लावायला त्यांनी हात उचलला, माझ्या कपाळापाशी आणला, आणि धोतराला पुसून टाकला.