महिपतीने पाहिलेलं मॉस्को

पेणला रामवाडीच्या अलीकडे महिपतीचा गणपतीचा कारखाना होता, आणि रशियाला जायचं ठरलं की पेण-रोह्याची माणसं पासपोर्टच्या आधी त्याच्याकडे धाव घेत. आता इथून रशियाला जाणारे असे कितीसे असणार? सात वर्षांत पाच-सहा. कुणाचा मुलगा डॉक्टरकी शिकायला निघालेला, कुणाला कंपनीने धाडलेलं. पण जो जाई तो आधी महिपतीकडे येई, कारण अठ्ठ्याऐंशी साली तो तिथे महिनाभर राहून आला होता. तिथल्या एका प्रदर्शनात लोकांसमोर गणपती घडवायला त्याला नेलं होतं. मदतीला सखा होता. तो अजूनही त्याच्याच हाताखाली रंगकाम करत होता.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात रोह्याहून सॅम्युएल आणि सारा आले. हे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांचे बहुतेक नातलग केव्हाच इस्रायलला निघून गेलेले. हे दोघं आणि साराची अंथरुणाला खिळलेली आई, एवढेच मागे राहिलेले. सॅम्युएल नागोठण्याच्या कंपनीतून नुकताच रिटायर झाला होता आणि एका टूरबरोबर दोघांनी बारा दिवस रशिया बघायचं ठरवलं होतं. मधल्या दिवसांत म्हातारीजवळ साराची भाची राहणार होती.

महिपती मूर्तीचे डोळे आखत बसला होता. हे काम कारखान्यात तो एकटाच करी. सॅम्युएलने वही उघडली, आणि महिपतीने कुंचला खाली न ठेवता सांगायला सुरुवात केली.

"मॉस्कोत पयला दिवस लाल चौकात घालवा. रंगीत घुमटांचं देऊळ हाय ते सकाळी बघा, ऊन समोरून येतं. आत किल्ल्यात एक भली मोठी घंटा हाय, टवका उडालेली. ती कधी वाजलीच नाय म्हणतात. मेट्रोचं एकच तिकीट काढा आणि प्रत्येक स्टेशनावर उतरा. बाहेर पडायचं नाय, म्हणजे दुसरं तिकीट लागत नाय. छत बघत चाला, पण खिसा सांभाळा."

"आणि लेनिनग्राड?" सॅम्युएलने विचारलं. "आता सेंट पीटर्सबर्ग म्हणतात त्याला."

"म्हणू दे. तिथं राजवाड्याचं म्युझियम हाय. दार उघडायच्या आधी रांगेत राहा आणि थेट वरच्या मजल्यावर जा. सोन्याच्या मोराचं घड्याळ तिथंच हाय. खाली वेळ काढलात तर वर जाईपर्यंत पाय गळून जातील. कारंजी बघायला होडीने जा. चहात दूध नसतं, पाव काळा असतो. चिवडा न्या."

हे सगळं तो एस्टीच्या कंडक्टरने गावांची नावं घ्यावीत तसं सांगे. चव नाही, हळहळ नाही, आनंद तर नाहीच. ऐकणाऱ्याला वाटे, किती पाहिलंय या माणसाने आणि किती अरसिक आहे मेला.

सारा मागच्या पडवीत वाळत घातलेल्या मूर्ती बघायला गेली, तसा सॅम्युएल सरकून जवळ बसला आणि हलक्या आवाजात बोलू लागला. "महिपतीदादा, एक खाजगी हाय. सासूबाईंचा काय भरवसा नाय. मी भाचीला सांगून ठेवलंय, काय बरं-वाईट झालं तर फोन मला एकट्याला करायचा. साराला मी मुंबईत उतरल्यावरच सांगीन. जन्मात एकदा जातेय बिचारी, नीट बघू दे. तर असं सांगा, तशी वेळ आलीच तर तिला कुठं फिरवू, म्हणजे तिचं मन गुंतून राहील?"

पलीकडे सखाचा ब्रश थांबला. महिपतीचा थांबला नाही.

या प्रश्नाचं उत्तर सबंध रायगड जिल्ह्यात फक्त त्याच्याकडे होतं. मॉस्कोत त्याला पहिले पंधरा दिवस हॉलबाहेर कुणी सोडलं नव्हतं. हॉटेल, बस, हॉल, शाडूची माती. रविवारी बडी मंडळी मूर्ती बघायला येणार होती आणि डोळे आखायचे राहिले होते. त्याच आठवड्यात गुरुवारी घरून तार आली. त्याची बायको रंभा कारखान्यातल्या काथ्याच्या ढिगातून काथ्या काढायला गेली, तिला साप चावला आणि त्यातच ती वारली. तार बरोबर आलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या हातात पडली. त्याने सखाला विचारलं, आणि सखाने खरं तेच सांगितलं: दादाला कळलं तर सूतक लागेल, सुतकात तो देवाच्या मूर्तीला हात लावणार नाही. डोळे दुसऱ्या कुणाला येत नव्हते. झालं, तार खिशात गेली. शुक्रवारी महिपतीने डोळे आखले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. रविवार पार पडला आणि सोमवारपासून अधिकाऱ्याला एकदम त्याचं प्रेम आलं. लाल चौक, मेट्रो, लेनिनग्राड, कारंजी. रोज नवीन, रोज आग्रह. महिपतीने सगळं डोळे भरून पाहिलं, रंभासाठी लाकडी बाहुली घेतली.

मुंबईहून परतताना पेणच्या अलीकडे एका नाक्यावर जीप चहाला थांबली, तेव्हा सखाने सांगितलं. अग्नी धाकट्या भावाने दिला होता, दिवसही झाले होते. भटजी म्हणाले, सूतक कळल्या दिवसापासून. तो सांगितले तितके दिवस कोपऱ्यात बसला. रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. त्याची त्याला लाज वाटली, मग लाज वाटायचीही थांबली. सखाला त्याने कधी बोल लावला नाही, की कामावरून काढलं नाही. दोघं सात वर्षं शेजारी बसून रंग लावत होते आणि त्या तारेबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

सारा पडवीतून परत आली. "दादा, अजून काय राह्यलं का सांगायचं?"

सॅम्युएल घाईघाईने वही मिटू लागला. महिपतीने कुंचला पाण्यात बुडवला.

"एक राह्यलं, साराबाई. तिकडं एखाद्या दिवशी हे साहेब सकाळपासून लाड करायला लागले, तुम्ही थकलात तरी हे बघ, ते बघ करायला लागले, तर जागच्या जागी थांबा आणि विचारा, घरून काय निरोप आला."

साराने नवऱ्याकडे पाहिलं. तो वहीकडे बघत राहिला, आणि तिला जे समजायचं ते समजलं.

"तुम्ही भाचीला काय सांगून ठेवलंय?" तिने विचारलं. "तिला आज जाऊन सांगा, फोन मला करायचा. मग ते देऊळ बघायचं राह्यलं तरी चालेल."

"बरं," सॅम्युएल म्हणाला.

सखा उठून तोंड धुवायला मोरीवर गेला आणि बराच वेळ आला नाही. सारा मात्र तिथेच उभी होती, महिपतीच्या तोंडाकडे बघत.

"तुम्हालाही तिकडं असंच फिरवलं ना? तुम्ही विचारलंत तेव्हा त्यांनी खरं सांगितलं का हो, दादा?"

महिपतीने दुसरा डोळा आखायला घेतला होता. हात स्थिर होता.

"मी विचारलंच नाय," तो म्हणाला. "मला मजा येत होती."