अक्कांच्या समुद्रातले घरजावई

"हलू नगं. हाललास तर सुई मोडंल, आणि सुई सरकारी हाय. दुसरी यायला वरीस लागंल."

अक्कांचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. कुंभारवाड्याच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या नर्स. नाव सांगत नाही; तसंही तालुक्यात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. मला ताप होता आणि खांद्याला पत्रकांनी भरलेली झोळी होती. त्यांनी आधी इंजेक्शन दिलं, मग झोळीतलं एक पत्रक ओढून उभ्या उभ्या वाचलं.

"एवढी उद्गारचिन्हं? कुणाच्या अंगावर वरडतोस रे, चळवळ्या?"

त्या दिवसापासून मी चळवळ्या झालो.

ओरडू नको तर काय करू? नव्वद सालानंतरचे ते दिवस. सुप्याला काळी नदी अडवली, गावं बुडवली, वीज काढली, आणि ती वीज आमच्याच डोक्यावरच्या तारांतून परगावी निघून गेली! धरण आमचं, अंधारही आमचाच. अक्कांच्या क्वार्टरमध्ये मात्र एक दिवा होता, मनात आलं तर लागणारा. म्हणून पत्रकं लिहायला मी त्यांच्या टेबलाशी बसू लागलो. तिथंच तो समुद्र पाहिला.

समुद्रच म्हणतो मी. भिंतीला लागून काचेची पेटी, त्यात कारवारहून आणलेलं खारं पाणी, दगड, दोन पट्टेरी मासे आणि एका दगडावर हिरव्या, नखाएवढ्या जिवंत चकत्यांचा पुंजका. प्रवाळाच्या नात्यातली जात. अक्का त्यांना 'माझी बटणं' म्हणत. त्या मूळच्या खानापूरकडच्या, पण उमेदीची सगळी नोकरी कारवारला झालेली. तिथं शेजारी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणारे गृहस्थ राहत. त्यांच्याकडून अक्का ही विद्या शिकल्या. बदलीचा कागद हातात पडला तेव्हा त्यांनी भांडीकुंडी निम्मी तिथंच सोडली आणि समुद्र सोबत घेतला.

तुम्ही हसाल. सगळा तालुका हसत होता. सर्वांत जास्त हसायचा कारवारच्या बसचा ड्रायव्हर, कारण खाऱ्या पाण्याचे कॅन त्यालाच आणावे लागत. "अक्का, तुमी ह्या वयात समुद्र आटवणार बघा," असं म्हणत तो कॅन उतरवायचा.

"आटंल तवा बघू. तू सांडू नगं," अक्का म्हणायच्या.

मग एका दगडाबरोबर पाहुणे आले. तांबूस, काचेसारखी आरपार दिसणारी इवली फुलं, भोवती केसांसारख्या मिशा. अक्का खूश! "न सांगता आलेत बघ, चळवळ्या. माझ्या घरी फुलं उमललीत."

फुलं कसली! ती समुद्रफुलांतली उपद्रवी जात. ज्याला मिशी लागेल त्याला डंख मारायचा, जागा बळकवायची आणि पिलावळ वाढवायची. पंधरवड्यात त्यांनी दगड व्यापले. शेजारची बटणं मिटू लागली, मिटलेली उघडेनात.

"घरजावई निघाले की रे हे," अक्का म्हणाल्या. तेच नाव पडलं.

आता अक्का कोण? नर्स. जखम दिसली की खरवडून लख्ख करायची, ही आयुष्यभराची सवय. त्यांनी ब्लेड उकळलं, बाह्या वर केल्या आणि घरजावई खरवडून काढले. मी शेजारी उभा राहून "मुळासकट, अक्का, मुळासकट!" असा पाठिंबा देत होतो. दगड स्वच्छ झाला. आम्ही विजयाचा चहा प्यालो.

आठवड्यानं पाहिलं तर एकाच्या जागी घोळका! त्या जातीचा टाचणीच्या टोकाएवढा तुकडा मागं राहिला तरी त्यातून अख्खा नवा उभा राहतो. आमच्या ब्लेडनं त्यांची वस्ती वाढवून दिली होती. निम्म्याहून जास्त बटणं आता मिटलेली होती. अक्का पेटीसमोर स्टूल घेऊन बसल्या. सवयीनं विड्याची पानं काढली, पण लावली नाहीत.

त्याच आठवड्यात ड्रायव्हरनं कॅन दारात ठेवला आणि मान खाली घालून म्हणाला, "अक्का, ह्यो शेवटचा. मागल्या खेपेला पाणी सांडलं, एकाचं तांदळाचं पोतं भिजलं. डेपोत तक्रार झाली. आता न्हाई जमायचं."

म्हणजे सगळं पाणी ओतून नव्याने सुरुवात करायची वाटही बंद. हा समुद्र गेला की गेलाच.

"उळवीच्या जत्रेपातूर बघते," अक्का म्हणाल्या. जत्रा महिन्यावर होती. "तवर माझी बटणं उघडली न्हाईत, तर पेटी माझ्या हातानं गटारात वतीन. मढं घरात ठेवायची सवय न्हाई मला."

त्या बोलल्या की करायच्या. मला धसका बसला.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांनी पान लावलं, लक्ष पेटीकडं. चुना जास्त पडला. जीभ भाजली. "आई गं!" म्हणून त्या थुंकायला पळाल्या, आणि दारातूनच मागं वळल्या. तोंड पोळलेलं, शब्द धड फुटेनात.

"चळवळ्या! ह्या घरजावयास्नी तोंडाबिगार दुसरं हाय काय?"

नव्हतंच. वर तोंड, खाली पोट. आमच्या भागाचे काही पुढारी डोळ्यांसमोर आले, पण ते असो.

कारवारकडचा शिंपल्यांचा चुना डबीत होताच. अक्कांनी तो फडक्यातून गाळला, खिरीसारखा दाट कालवला आणि तडा गेलेल्या, दवाखान्यातून बाद झालेल्या काचेच्या सिरिंजमध्ये भरला. सुई तुंबली. मग गुरांच्या दवाखान्यातून बैलाला टोचायची जाड सुई मागून आणायला मला पिटाळलं. पण सुई जवळ गेली की घरजावई क्षणात मिटून भोकात गडप!

मी चिडलो. अक्का हसल्या. "तू बी लहानपणी असाच पळत असशील. पोराला टोचायच्या आधी काय देतात? गूळ देतात."

सुकटीचा कण चिमट्यात धरून त्यांनी घरजावयापुढं नेला. तो उमलला, मिशा पसरल्या, कण धरला, तोंड उघडलं. "शाणा माझा बाळ," असं म्हणत अक्कांनी त्या उघड्या तोंडात चुना सोडला. घरजावई आक्रसला, पांढरा पडला, आणि परत उठला नाही.

एक अडचण उरली. पाण्यात हवा सोडणारा पंप चालू असला की चुना उडून बटणांवर बसायचा. पण पंप बंद ठेवायचं काम आमच्याकडे सरकारच इमानेइतबारे करत होतं! दुपारी करंट गेला, पाणी निवांत झालं, की अक्का सिरिंज घेऊन बसायच्या. जिच्याविरुद्ध मी झोळीभर पत्रकं लिहिली होती, ती वीजकपात ह्या बाईनं कामाला लावली.

"लिहू नगं एवढ्यात," त्या मला बजावायच्या. "अजून चार राहिलेत. मग आणा म्हणावं करंट."

एका बैठकीत थोड्यांनाच चुना द्यायच्या. जास्त झाला तर पाणीच बिघडायचं. मेलेले चिमट्यानं उचलायच्या, तुकडा सांडू न देता. मी घाई करायचो. त्या माझ्या हातावर चापट मारायच्या.

जत्रा जवळ आली. उळवीला जाणाऱ्या बैलगाड्या रस्त्यावर दिसू लागल्या, घंटांचा आवाज दवाखान्यापर्यंत यायचा. मी सकाळी क्वार्टरवर गेलो तर अक्का दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. मला पाहून बाजूला झाल्या.

दगडावर एकही घरजावई नव्हता. आणि बटणं उघडली होती. सगळी! हिरवीगार, काठोकाठ, एकमेकांना खेटून. मी पत्रकात कधी वापरला नसेल असा आवाज काढला. अक्का म्हणाल्या, "हां. आता वरड."

त्या दिवशी जत्रेला निघालेल्यांपैकी कुणी पाय मुरगळला म्हणून आलं, कुणी ताप म्हणून. अक्कांनी प्रत्येकाला गोळी दिली आणि समुद्र दाखवला. कोरड्या मुलखातली एक म्हातारी पेटीपुढं बराच वेळ बसली.

"खारं हाय म्हणत्यात, व्हय?"

"चाखून बघा की, मावशी."

म्हातारीनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड असं केलं की रांगेतली सगळी पोरं खिदळली. रांग कुंपणापर्यंत गेली होती. त्या रांगेत टोपी काढून ड्रायव्हरही उभा होता. त्यानं पाहिलं, खूप वेळ पाहिलं.

"कॅन धुऊन ठेवा, अक्का," तो म्हणाला. "तक्रारीचं मी बघतो."

दोन वर्षांनी अक्कांची बदली झाली, आणखी आतल्या, समुद्रापासून आणखी लांबच्या गावी. मी निषेधाचं पत्रक काढलं. त्यांनी ते वाचलं, एक उद्गारचिन्ह खोडलं आणि मासे-बटणं पिंपात घालून, पिंप गुडघ्यांत धरून बसच्या पुढच्या सीटवर बसल्या. मी रस्त्यात उभा राहून हात हलवत होतो. डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. पण पिंपातलं पाणी हिंदकळू नये म्हणून ड्रायव्हर बस अशी चालवत होता की बाजूनं निघालेली म्हैस पुढं गेली. माझा हात दुखायला लागला, डोळे सुकले, शेवटी मी हात खाली घेतला, आणि तरी बस समोर दिसतच होती.