सोळाशे फाटक्या तावांची किंमत

"साठ रुपये. एक पैसा कमी घेणार न्हाई," असं म्हणून रहीमचाचांनी बिल माझ्यापुढे टाकलं.

जुन्नरच्या बाजारात शेटजींच्या पेढीवर आम्ही चौघं बसलो होतो. शेटजी आम्हा दोघांचंही गिऱ्हाईक. व्यापाऱ्यांच्या वह्यांसाठी ते आमच्याकडून हातकागद घेत. चाचांचा कारखाना मोठा. माझा छोटा, नवऱ्यामागे मीच चालवत होते; मला सगळे बी म्हणत. चौथी सगुणा. राजुरीची, विधवा, पदरात एक मुलगी. दहा महिने चाचांकडे घोटाई शिकली आणि मग माझ्याकडे आली.

घोटाई म्हणजे काय ते सांगते. कागदाच्या पानाला आम्ही ताव म्हणतो. वाळलेल्या तावाला गव्हाची खळ लावायची, परत वाळवायचा, मग फळीवर ठेवून गुळगुळीत दगडाने घासायचा. त्याशिवाय शाई फुटते. जोर कमी पडला तर चकाकी येत नाही, जास्त झाला तर ताव फाटतो. शिकणाऱ्याच्या हातून फाटतोच.

तेव्हा आमच्यात रिवाज होता. शिकाऊ माणूस एका कारखान्यातून दुसऱ्यात गेलं, तर नव्या मालकाने जुन्याला शिकवण्याचा खर्च द्यायचा आणि सुटकेची चिठ्ठी घ्यायची. चिठ्ठी नसेल तर गावात कोणी काम देत नसे. साठ रुपये माझ्याकडे नव्हते. चिठ्ठी मिळाली नाही तर सगुणाला चाचांकडे परत जाऊन दोन वर्षं फुकट राबावं लागणार होतं. तिच्या भावाने सांगून टाकलं होतं, दिवाळीनंतर पोरीला मी पोसणार नाही. शिवाय दिवाळीच्या वह्यांची ऑर्डर माझ्या अंगावर होती आणि घोटाईला दुसरं माणूस नव्हतं.

बिलात तीनच रकमा होत्या. मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले आहे, तेवढं वाचता येतं. जेवण, वीस रुपये. नासलेले ताव सोळाशे, पैशाला एक, म्हणजे पंचवीस रुपये; तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होत. शिकवणी, पंधरा.

"जेवण?" मी विचारलं. "चाचा, ही तुमच्या घरचं पाणी तरी प्यायली का कधी?"

सगुणा मान खाली घालून म्हणाली, "न्हाई बी. भाकरी फडक्यात बांधून न्यायचे. पाणी नदीचं."

"माझ्याकडंबी तसंच करती," मी म्हटलं. "दोन मुसलमानांच्या दारी उपाशी राहून बाई बाटली न्हाई, आन् तुमी तिला वीस रुपयांचं जेवू घातलं व्हय?"

शेटजी तोंडावर उपरणं धरून हसले. "चाचा, खोडा ते."

चाचांनी खोडलं. "बिल मुलाने केलंय," एवढंच म्हणाले. मग आवाज चढवला. "पण ताव तर फाडलेत ना हिनं? मी मोजलेत. सोळाशे!"

"फाडले असतील. मी पंचवीस रुपये देते."

सगुणाने चमकून माझ्याकडे पाहिलं. चाचा सैलावले.

"पण पैसे दिल्यावर माल माझा," मी म्हटलं. "माझे सोळाशे ताव आणा. गाडी मी पाठवते."

चाचांनी बिल आपल्याकडे ओढलं.

"कुठं हायेत?"

"बी, आता तुला म्हाईत न्हाई का..."

"मला म्हाईत हाय. शेटजींना सांगा."

सांगायला ते तयार होईनात. मग मीच सांगितलं. आमच्या धंद्यात फाटका ताव कोणी फेकत नाही. तो पाण्यात भिजवायचा, खळ सुटते, कुटला की परत लगदा होतो. त्या लगद्याचा नवा ताव. चाचांचे सोळाशे ताव कधीच हौदात जाऊन नवे होऊन बाहेर आले होते. ते शेटजींनीच विकत घेतले असणार.

"म्हणजे एका कागदाचे पैसे मी दिले आणि परत ही देणार?" शेटजींनी विचारलं. आता ते हसत नव्हते.

"खळ गेली, मेहनत गेली," चाचा पुटपुटले.

"गेलीच," मी म्हटलं. "त्याचे तीन रुपये धरा." ते खरं होतं. नुकसान काहीच नाही असं म्हणणं लबाडी झाली असती.

राहिली शिकवणी. महिना दीड रुपया फी रास्त होती. मी एवढंच विचारलं, "गुढीपाडव्याला चाचीचं मनगट मोडलं. तवापासून तुमच्याकडं घोटाई कोण करत व्हतं?"

दुसरं कोणी नव्हतंच. चैत्र ते भाद्रपद सहा महिने चाचांचा सगळा माल सगुणाने घोटला होता. शेटजींनी तो अव्वल म्हणून घेतला होता. आणि तिला चाचा शिकाऊच म्हणत होते, कारण शिकाऊला पगार नसतो.

शेटजींनी पाटीवर मांडलं. शिकवणी पहिले चार महिने, सहा रुपये. खळ-मेहनत, तीन. एकूण नऊ रुपये चाचांचं आमच्याकडून येणं. सगुणाचा सहा महिन्यांचा पगार, तीन रुपयांप्रमाणे अठरा. पाटी त्यांनी चाचांकडे फिरवली.

"चाचा, नऊ तुमीच देणं लागता."

चाचांनी पाटीकडे दोनदा पाहिलं. तेवढ्यात सगुणा पहिल्यांदा आपणहून बोलली. "मला पैसं नगं. मी घोटायचे तो दगड तेवढा द्या. तळव्यात बसलाय तो."

"घेऊन जा बाई, घेऊन जा," चाचा घाईने म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं. "दगड पाच रुपयांचा. वर चार रोख."

"बी, तू दरोडेखोर हायेस!"

"हिशेब करती. चिठ्ठी लिवा."

चिठ्ठी शेटजींनी लिहिली, चाचांनी अंगठा उठवला. चार रुपये सगुणाने पदरात बांधले. त्याच दुपारी तो दगड घेऊन ती माझ्या फळीवर बसली. दिवाळीची ऑर्डर दोन दिवस आधी पोचली. तिची मुलगी त्यानंतर भावाकडे राहिली नाही.

त्यानंतर मी बऱ्याच जणींना शिकवलं. काही सोडून गेल्या. प्रत्येकीचा खर्च मी नव्या मालकाकडून घेतला, सोडला नाही. फक्त बिल करताना फाटके ताव धरले नाहीत, आणि ज्या दिवशी बाईचा माल विकला गेला त्या दिवसापासून फी बंद केली. चाचा पुढे तसंच करू लागले. चांगला हिशेब होता, त्यांनाही परवडला.