चारच्या जागचा तडा

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टी वाचायला आला असाल तर पान उलटा. आम्ही अर्धापूरचे, बौद्ध घर. भानामतीचं नाव काढलं तरी वडील अंगावर धावून यायचे. माझं पोटापाण्याचं कामही तसलंच — पाइपांच्या वेल्डिंगच्या जोडात मशीनने आवाज सोडायचा. आत तडा असला की आवाज परत फिरतो आणि पडद्यावर रेघ उठते. यात भुताला जागा कुठंय?

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात औसा रोडला पाण्याची नवी लाइन टाकणं चालू होतं. मशीनचा प्रोब, म्हणजे आवाज सोडणारं टोक, टेकवायच्या आधी पाइपाला खळ लावतात. ती कालवायला गावात पाणी मागायची लाज वाटायची, म्हणून आम्ही जुनं ऑइल फासत होतो.

एका सकाळी रज्जाकभाईंच्या जोडावर रेघ उठली. पाइपाच्या गोलावर, घड्याळात चार असतो त्या जागी, आठ मिलिमीटर खोल, वीतभर लांब. मशीन पुन्हा सेट केलं, प्रोब बदलला... रेघ तिथंच.

रज्जाकभाई औशाचे वेल्डर, साठीला टेकलेले. मडकं वाजवून घेतात तशी त्यांनी जोडावर हातोडी वाजवली.

"साहेब, तीस साल झाले जोडच लावून राहिलो. ह्यात तडा न्हाई."

"चाचा, मशीन खोटं बोलत नाही," मी म्हणालो. काय तोरा होता माझा!

ठेकेदाराचा नियम — जोडात तडा निघाला की वेल्डर घरी. रज्जाकभाई दुपारीच गेले. दुसऱ्या दिवशी जोड कापून काढला, घासला, तड्यात मुरून तो दाखवणारा लाल रंग लावून बघितला. केसाएवढासुद्धा तडा नव्हता! ठेकेदाराला सांगितलं तर म्हणतो, "तुझा रिपोर्ट वर गेला. चुकलो म्हणून लिहून देतोस? दे की, तुझंच सर्टिफिकेट जाईल." मी काही लिहून दिलं नाही.

दुसऱ्या वेल्डरने त्याच जागी नवा जोड लावला. मी तपासला, पडदा स्वच्छ. पास केला.

महिन्याने लाइनमध्ये टँकरचं पाणी भरून दाब दिला, आणि नेमका तोच जोड फाटला. गावातल्या बाया धावत आल्या, चिखलातलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायला लागल्या. मी खाली उतरून माप घेतलं. चारची जागा. आठ मिलिमीटरवर सुरुवात. वीतभर लांब. माझ्या जुन्या रिपोर्टमधला तडा जसाच्या तसा... दुसऱ्याच्या जोडात!

औशाला गेलो. रज्जाकभाई एका दुकानात खिडक्यांचे गज जोडत होते. त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजे तडा खरा होता. फक्त माझा न्हवता?"

"हाव, चाचा."

"मग तेवढं लिहून द्या, साहेब. लाइनच्या कामावर कोणी उभं करून न्हाई राहिलं मला."

उद्या देतो म्हणालो. कारण काय लिहायचं, याच विचारात तो उद्या कधी आलाच नाही. मागच्या वर्षी रज्जाकभाई वारले. शेवटपर्यंत गजच जोडत होते.

पडायच्या आधीच तो तडा मला कसा दिसला, हे भल्याभल्यांना विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही. पण रज्जाकभाईंचा जोड चांगला होता, हे मला तो कापला त्याच दिवशी माहीत होतं.