बांबूला धरलेला गोळा

यंदा आमच्या तळ्यातल्या शिंगाड्याच्या वेली पिवळ्या पडताहेत. काल मी बाबांबरोबर छोट्या डोंग्यात होते. त्यांनी वाकून हद्दीचा एक बांबू उपसला, तर पाण्याखालच्या टोकाला मुठीएवढा, जेलीसारखा गोळा चिकटलेला.

"तू शिकली ना बाई, सांग. ठेवू का खरवडू?"

नाव मला लगेच आठवलं, ब्रायोझोआ. संथ, कोमट पाणी, बारीक खाद्य आणि धरायला एखादी काठी मिळाली, की हजारो इवले जीव एकमेकांना बिलगून वाढतात. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण ते शिंगाड्याला तारतात की मारतात, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"माहीत नाही, बाबा."

"एवढी वर्षं शिकून?" ते हसले. हद्दीच्या आठही बांबूंना तसेच गोळे होते. त्यांनी विळ्यानं चार खरवडले आणि चार तसेच ठेवले. "कुठल्या वेली हिरव्या होतात, पाहू."

पदवी घेऊनही मला हे सुचलं नव्हतं. याच शिंगाड्यांच्या पैशावर मी शिकले. त्या गोळ्यासारखाच मलाही धरायला बांबू बाबांनीच रोवून दिला होता. त्याला धरून मी नेमकी किती वाढले, ते मात्र काठावर पोचलो तरी मला उमजेना.